यादीबाहेरचं कार्ड

महिपत शितप एसटी चालवायचा तेव्हा हातखंब्याच्या तिठ्यावर त्याने हॉर्न दिला की पालीतला हॉटेलवाला भजी तेलात सोडायचा. गाडी पालीत थांबते न थांबते तोच ताटली ड्रायव्हरच्या खिडकीशी हजर. तीस वर्षांत भजी एकदाही कच्ची राहिली नाहीत की करपली नाहीत. साखरप्याचे एक पोस्टमास्तर भिंतीवरचं घड्याळ रत्नागिरी-कोल्हापूर गाडीवर लावायचे. एके दिवशी गाडी चार मिनिटं पुढेमागे झाली तेव्हा त्यांनी घड्याळ दुरुस्तीला पाठवलं, महिपतला विचारलंसुद्धा नाही. आंबा घाटात तर त्याला डोळ्यांची गरजच पडायची नाही. धुकं दाटलं की तो काच खाली करून वास घ्यायचा. ओल्या कातळाचा वास आला की डावं वळण, कारवीचा आला की उजवं. ज्याला खोटं वाटेल त्याने तेव्हाच्या प्रवाशांना विचारावं. त्यातले निम्मे अजून हयात आहेत आणि उरलेले काही घाटात गेलेले नाहीत.

अशा माणसाला निरोपाची फेरी मिळाली नाही, हे त्याचं दुःख.

ड्रायव्हरचा नोकरीतला शेवटचा दिवस म्हणजे केवढा थाट असतो. गाडीला झेंडूच्या माळा, पुढच्या काचेवर त्याचं नाव, थांब्याथांब्यावर नारळ, आणि स्टिअरिंगवर तो स्वतः, डोळे पुसत. महिपतची निवृत्ती दीड वर्षावर आली आणि डोळ्यांच्या तपासणीत खालच्या तीन ओळी त्याला दिसेनात. ऑपरेशन झालं, चष्मा आला, पण जड वाहन चालवायला डॉक्टर काही हो म्हणेनात. त्यात कुणाची चूक नव्हती. डेपोत त्याला टेबल दिलं आणि तो निवृत्त झाला तो खुर्चीवरून. शाल मिळाली, नारळ मिळाला. पण खुर्चीला झेंडू बांधणार कोण, आणि बांधला तरी ती जाणार कुठे?

त्याचा कंडक्टर बाबू रेवाळे मात्र माळांच्या गाडीतून निवृत्त झाला. महिपत तेव्हा पुढच्या बाकावर प्रवासी म्हणून बसला होता आणि सगळ्यांत जोरात टाळ्या त्यानेच वाजवल्या होत्या.

त्यानंतर तीन वर्षांनी चिपळूणहून सानिकाचा फोन आला. ही इंजिनिअरिंग शिकलेली बावीस वर्षांची मुलगी, आणि एसटीवेडी. असली मुलं-मुली हल्ली पुष्कळ आहेत. गाडीच्या नुसत्या आवाजावरून ती कुठल्या डेपोची ते सांगतात. संगणकावर बस चालवायचा एक खेळ असतो. सानिकाने आणि तिच्या मित्रांनी दीड वर्ष खपून त्या खेळात रत्नागिरी ते आंबा हा अख्खा रस्ता बांधला होता. वळणं, मोऱ्या, पालीचं हॉटेल, सगळं.

"काका, उद्घाटनाला पहिली गाडी तुम्ही चालवायची," सानिका म्हणाली. "पुढे तुमची गाडी, मागे आमच्या चाळीस. बघायला हजारभर माणसं असतील. आणि तुमच्या गाडीला आम्ही झेंडू बांधणार."

महिपतने फोन कानापासून लांब धरला. मग म्हणाला, "कितीला सोडायची?"

"रविवारी, चार वाजता. तीन आठवडे आहेत. पण तुम्हाला कॉम्प्युटर लागेल. स्टिअरिंग आणि पेडल आमच्याकडून भेट."

कॉम्प्युटर कसला घ्यायचा याची यादी तिने पाठवली. ती पाठवताना म्हणाली, "काका, आपलं बजेट मधलं आहे. तेव्हा एकही भाग हिरो नको, सगळे एकमेकांच्या तोलाचे हवेत. प्रोसेसर सहा कोअरचा, नवा. ग्राफिक्स कार्ड मध्यम पुरे. मेमरी सोळा जीबी, पण दोन पट्ट्यांत. एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क. आणि पॉवर सप्लाय चांगल्या कंपनीचा. एक भाग फार दांडगा आणि दुसरा मरतुकडा असला की दांडगा नुसता वाट बघत बसतो."

"म्हणजे सहा सिलिंडरचं इंजिन आणि डिझेलची नळी लुनाची."

"एकदम बरोबर!"

इतकं बरोबर कळलेल्या माणसाने पुढे जे केलं ते एसटीचा ड्रायव्हरच करू जाणे. त्याने यादी कंडक्टरच्या हातात दिली.

एसटीत कामाची वाटणीच तशी असते. स्टिअरिंग ड्रायव्हरचं, तिकीट, पैसे, घेणंदेणं कंडक्टरचं. मागे माणसं चढली का, कुणाचा पाय पायरीवर आहे का, ते ड्रायव्हर बघत नाही. डबल बेल झाली की तो क्लच सोडतो. घाटात समोरून ट्रेलर आला की गाडी मागे घ्यावी लागते. तेव्हा कंडक्टर खाली उतरतो, दरीच्या काठावर उभा राहतो आणि शिट्टी मारतो. शिट्टी वाजते आहे तोवर यायचं, थांबली की थांबायचं. बाबूच्या शिट्टीवर महिपतने मागची चाकं एकदा इतकी काठाला नेली होती की चाकाखालचा दगड सुटून खाली गेला आणि तो तळाला पोचल्याचा आवाज दुसऱ्या दिवशी परतीच्या फेरीला ऐकू आला. महिपतने तेव्हाही आरशात बघितलं नव्हतं. बावीस वर्षांत कधीच नाही. बघणं म्हणजे बाबूचा अपमान झाला असता.

शिवाय बाबूच्या जावयाचं, दीपकचं, मारुती मंदिराकडे कॉम्प्युटरचं दुकान होतं.

महिपत बाबूला मास्तरच म्हणायचा आणि बाबू त्याला पायलट. "मास्तर, ही यादी. ह्यातला मला काय कळत नाय. तू बघ."

"पायलट, तू नुसता बस," बाबू म्हणाला. "गाडी लावून देतो तुझ्या दारात."

पाचव्या दिवशी रिक्षातून पेटी आली. पेटी कसली, काचेचा महाल! आत सात रंगांचे दिवे, पुढे तीन पंखे, आणि मध्ये एक ग्राफिक्स कार्ड, केवढं, तर महिपतच्या बायकोच्या, आनंदीबाईंच्या, पोळपाटाएवढं. बाबूने बटण दाबलं आणि असा उजेड पडला की मिरकरवाड्याच्या दोन बोटी म्हणे दीपगृह सोडून महिपतच्या घराकडे वळल्या.

"अहो, हा कॉम्प्युटर की गणपतीचं मखर?" आनंदीबाई म्हणाल्या.

"वहिनी, नुसता दिव्यांवर जाऊ नका. कार्ड बघा कार्ड. त्या पोरीने लिवलेलं त्याच्या दुप्पट मोठं घातलंय. दीपकने घरचं गिऱ्हाईक म्हणून त्याच पैशात दिलं."

"बाकी यादीप्रमाणे?" महिपतने विचारलं.

बाबूने टेबलावर दोन टिचक्या मारल्या. "डबल बेल, पायलट."

महिपतने पैसे दिले. मशीनच्या मागे वाकून बघितलं नाही.

पहिले आठ दिवस मजेत गेले. महिपत एकटाच हातखंब्यापर्यंत जायचा आणि यायचा, सवय व्हावी म्हणून. चित्र मधूनच अडखळायचं, पण त्याला वाटायचं रस्ताच खराब असणार. मुलांनी खरा रस्ता बांधला म्हणजे खड्डेही खरेच घातले असणार. उद्घाटनाच्या आधीच्या बुधवारी सराव होता, सगळ्या गाड्या मिळून. कानात सानिकाचा आवाज, मागे चाळीस गाड्या, बघायला पन्नासएक माणसं. बाबू शेजारी वेताचा मोडा घेऊन बसला होता. कार्यक्रमात त्यालाही काम होतं. कंडक्टर म्हणून माईकवरून थांब्यांची नावं पुकारायची. चाळीस गाड्यांपुढे ही जुनी जोडी, असंच सानिकाने जाहीर केलं होतं.

पालीपर्यंत ठीक होतं. मग मागच्या गाड्या जवळ आल्या आणि महिपतची गाडी चालायची सोडून उड्या मारायला लागली. नाणिजात ब्रेक दाबला तो साखरप्यात लागला. घाटात तर त्याने डावीकडे स्टिअरिंग फिरवलं तेव्हा चित्र थिजलेलंच. हलेना म्हणून आणखी फिरवलं, आणि चित्र जागं झालं तेव्हा गाडी कठड्यापलीकडे हवेत होती. तीस वर्षांत ज्या घाटाने महिपतच्या आरशाला ओरखडा काढला नव्हता, त्या घाटात पन्नास माणसांदेखत त्याची गाडी दरीत गेली.

कानात कुणीतरी मुलगा हसला. "काकांचं वय झालं रे."

"गप्प बस," सानिका म्हणाली. "काका, काय झालं?"

महिपतने हेडफोन काढून ठेवला. बाबूने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"जाऊ दे पायलट. होतं असं. डोळ्यांचं काय ते तुलाही ठाऊक हाय."

महिपतला ते पटलं. बुधवार गेला, गुरुवार गेला. भिंतीपासून लांब उभं राहून तो एकेक डोळा झाकून कॅलेंडरची तारीख वाचत होता. जेवताना आनंदीबाईंच्या लक्षात आलं की भाताचा घास घेताना तो हात तपासतोय, थरथरतो का म्हणून. दोन दिवसांत तो दहा वर्षांनी म्हातारा झाला. ओटीवरच्या आरामखुर्चीत बसला की कावळे येऊन शेजारी बसायचे, इतका निपचित.

"त्या पोरीला नाही म्हणून सांगतो," तो गुरुवारी संध्याकाळी म्हणाला. "डॉक्टर बरोबर होता."

तेवढ्यात तिचाच फोन आला.

"काका, मी सरावाचं रेकॉर्डिंग चार वेळा बघितलं. तुमचा हात वेळेवर वळतोय. गाडीच उशिरा वळतेय. मला एक करून द्या. खेळ चालू करा, घाटात गाडी उभी करा. आता कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. आकडे दिसले?"

आनंदीबाईंनी चष्मा पुसून दिला. महिपतने वाचलं, "ग्राफिक्स कार्ड, सतरा टक्के."

"सतरा? बरं. प्रोसेसर?"

"शंभर."

"मेमरी?"

"चौऱ्याण्णव. आठ जीबीपैकी. आणि डिस्क पण शंभर."

"आठ कसे? मी सोळा लिहिले होते. काका, वरच्या कोपऱ्यात प्रोसेसरचं नाव दिसेल, तसंच कार्डाचंही. एकेक अक्षर वाचा."

महिपतने एकेक अक्षर वाचलं, चलन वाचावं तसं.

"काका, मी शाळेत होते तेव्हाचा हा प्रोसेसर आहे," सानिका हळूच म्हणाली. "एसएसडी पण नाही. तुमच्या यादीतला एकही भाग त्या पेटीत नाही. ते एवढं मोठं कार्ड बिचारं बसून आहे, आणि म्हातारा प्रोसेसर एकटा चाळीस गाड्या ओढतोय. तुमचे डोळे चांगले आहेत. हातही चांगले आहेत. कुणी जोडून दिलं हे?"

महिपत म्हणाला, "आमच्यातल्याच एकाने."

शुक्रवारी सकाळी तो बाबूच्या घरी गेला. बाबू परसात माडाला पाणी घालत होता.

"ये पायलट. चाय घेतंस?"

"प्रोसेसर यादीतला होता काय?"

बाबूने पाण्याची नळी दुसऱ्या माडाकडे नेली. "दीपकने तसाच काहीतरी घातला असणार. आपल्याला काय कळतंय त्यातला?"

"मी तुला विचारला होता. बाकी यादीप्रमाणे काय म्हणून. तू टेबल वाजवलंस."

"अरे, एक गेम पार्लर बंद पडलं, त्यांचं मशीन दीपकच्या अंगावर पडलेलं. सहा महिने दुकानात पडून. कोण घेईना. पोरगी रडत आली माझ्याकडे. कार्ड तर चांगलंच होतं ना? मोठं होतं!"

"तुला ठाऊक होतं?"

"ठाऊक म्हणजे..." बाबूने नळी खाली टाकली. पाणी त्याच्या पायावरून वाहत राहिलं. "आता खरं सांगू? मला वाटला, तू चार दिवस खेळशील आणि मग वर कापड घालून ठेवशील. आपण म्हातारी माणसं, महिपत. खेळच तो. खरी गाडी थोडीच हाय?"

महिपतने हे ऐकून घेतलं. मशीनचं त्याला इतकं वाटलं नाही. मशीन जावयापायी दिलं, ते एखाद्याला समजूही शकतं.

"बुधवारी माझ्या पाठीवर हात ठेवून डोळ्यांचं बोललास," तो म्हणाला. "तेव्हाही तुला ठाऊक होतं."

बाबूने वाकून नळी उचलली.

"दोन दिवस मी हात बघतोय माझे. घास घेताना. दोन दिवस, बाबू."

"आण ती पेटी. दीपकला सांगून बदलून देतो. आजच्या आज."

"नको."

"अरे पण रविवार..."

"नको म्हटलं ना."

बाबूला आयुष्यात प्रथमच महिपतने मास्तर न म्हणता नावाने हाक मारली होती, ते महिपत फाटकाबाहेर गेल्यावर बाबूच्या लक्षात आलं.

शनिवारी महिपत पेटी गोधडीत गुंडाळून चिपळूणच्या गाडीत बसला. मांडीवर पेटी आणि पेटीवर दोन्ही हात. कंडक्टरने विचारलं, "बाबा, बाळ आहे काय?" तर महिपत म्हणाला, "असता तर बरा होता. खोटा तरी बोलला नसता." संगमेश्वरच्या पुढे रस्त्याच्या कामाने गाडी इतकी उसळली की महिपत सीटवरून वीतभर वर गेला, पण पेटी जागची हलली नाही.

सानिका स्टँडवर आली होती. सडपातळ, उंच मुलगी, कपड्यांवर सोल्डरिंगचे डाग. तिच्या ओळखीच्या दुकानात लग्नांचे व्हिडिओ करणारा एक जण मोठ्या कार्डाच्या शोधात होताच. त्याच्याकडे आधीपासून दांडगा प्रोसेसर होता. त्याच्या पेटीत ते कार्ड उपाशी बसणार नव्हतं. कार्ड, जुना बोर्ड, सगळं देऊन बदल्यात महिपतला यादीतलं जवळजवळ सगळं मिळालं. कार्ड मध्यम, तळहाताहून थोडं मोठं. थोडे पैसे वर घालावे लागले, ते आनंदीबाईंनी निघताना न विचारता दिले होते.

दुकानदार एकेक भाग बसवत होता आणि महिपत स्टूल ओढून अगदी जवळ बसला होता. प्रत्येक खोका तो हातात घ्यायचा, वरचं नाव यादीशी अक्षर अक्षर लावायचा आणि मगच पुढे द्यायचा. दुकानदाराला राग आला असावा.

"काका, विश्वास नाही काय?"

"तुझ्यावर राग नाय रे," महिपत म्हणाला. "सवय लावतोय. उशिरा लागतेय, म्हणून वेळ जातो."

मशीन सुरू झालं. दिवे एकदोनच राहिले होते. सानिकाने आपलं स्टिअरिंग जोडलं, घाटात चाळीस गाड्या सोडल्या आणि आकडे लावले. कार्ड ऐंशीच्या आसपास, प्रोसेसर सत्तर, मेमरीत जागा शिल्लक. कुणी कुणाची वाट बघत नव्हतं. महिपतने पहिलं वळण घेतलं, दुसरं घेतलं, तिसऱ्यावर त्याने स्टिअरिंग सोडून चष्मा काढला.

"काका, परत अडखळलं?"

"नाय गो बाय. चालतंय. चालतंय म्हणूनच."

रविवारी साडेतीनला महिपत खाकी घालून बसला. कॉलरला आनंदीबाईंनी इस्त्री फिरवली होती. पडद्यावर त्याची गाडी रत्नागिरीच्या स्टँडवर उभी होती आणि मुलांनी तिला इतका झेंडू बांधला होता की नंबर दिसत नव्हता. काचेवर लिहिलं होतं, महिपत शितप, निरोपाची फेरी. बघणाऱ्यांचा आकडा बाराशेवर गेला होता. पालीच्या हॉटेलवाल्याचा मुलगा दुबईहून बघत होता आणि भजी तळतोय असं लिहीत होता.

"काका, दहा मिनिटं. कंडक्टर आले का?" सानिकाने विचारलं. तिला काहीच सांगितलेलं नव्हतं.

फाटक वाजलं. महिपतने मान न वळवताही ओळखलं. बाबू खाकीतच आला होता, छातीला बिल्ला लावून, आणि ओटीवरच्या खिडकीशी उभा राहिला होता. आत यायला तो धजत नव्हता. तिथून पडदा सरळ दिसत होता.

आनंदीबाईंनी नवऱ्याकडे बघितलं. शेजारचा मोडा अजून रिकामा होता. बाबूला 'मास्तर' एवढा एक शब्द पुरला असता, महिपतलाही ते ठाऊक होतं. बाराशे माणसं जोडी बघायला आली होती. बावीस वर्षं होती. बाबूची मुलगी रडत आली होती, तेही होतं. महिपतने ते सगळं मनात एकदा घोळवलं, चढ लागण्याआधी इंजिन ऐकावं तसं. मग त्याला पाठीवरचा तो हात आठवला, आणि ताटातला घास.

"सानिका," तो माईकवर म्हणाला, "पाटी बदलता येते काय गो आयत्या वेळी?"

"येते. काय लिहायचं?"

"रत्नागिरी-आंबा. खाली लिही, विनावाहक."

"म्हणजे कंडक्टर काका नाहीत?"

"गाडी विनावाहक आहे," महिपत म्हणाला.

सानिका शहाणी मुलगी. तिने पुढे काही विचारलं नाही. पडद्यावर, झेंडूच्या वर, काळ्या अक्षरांत पाटी फिरली. खिडकीशी उभ्या माणसाने आयुष्यभर असल्या पाट्या फिरवल्या होत्या. ती वाचायला त्याला वेळ लागला नाही.

"वहिनी, पाणी मिळेल काय?" त्याने विचारलं.

आनंदीबाईंनी तांब्या-भांडं नेऊन दिलं. तो पाणी प्यायला, भांडं खिडकीच्या कठड्यावर ठेवलं. चार वाजले. महिपतने क्लच सोडला आणि गाडी स्टँडमधून बाहेर काढली, मागे चाळीस गाड्यांनी एकदम हॉर्न दिले. पाली वेळेवर आली. नाणिज आलं. साखरप्यात मुलांनी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना खोटी माणसं उभी केली होती आणि ती सगळी हात हलवत होती. आनंदीबाई पदर डोळ्यांना लावून शेजारच्या मोड्यावर बसल्या.

घाट सुरू होताना ओटीच्या पायऱ्यांवर चपला वाजल्या आणि मग फाटकाची कडी. महिपतच्या कानात हेडफोन होता, तरी त्याला ती ऐकू आली. पुढे चढाचं वळण होतं. त्याने दुसरा गिअर टाकला.